लग्नातलं असं काय आठवतं, जे फोटोत नाही?

गोदाकाठची
मंडळी, परवा लेकीने विचारलं, "आई, तुझ्या लग्नाचा अल्बम दाखव ना." ती आता सोळा वर्षांची आहे. मी गप्प झाले, कारण अल्बम राहिलेलाच नाही.

माझं माहेर नाशकात, भांडीबाजाराच्या मागच्या बोळात, जुना वाडा. 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, सराफबाजारात, भांडीबाजारात पाणी शिरलं. आमच्या खालच्या खोलीतली ट्रंक पाणी ओसरेपर्यंत चिखलातच होती. अल्बमची पानं एकमेकांना चिकटली. भावाने उन्हात वाळवून ती सोडवायला घेतली तर फोटोंवरचे चेहरेच सोलून निघाले. कॅसेटची सीडी करून घ्यायची राहिली होती, तीही त्याच ट्रंकेत.

मग लेकीला सगळं तोंडानेच सांगायला बसले आणि माझं मलाच नवल वाटलं. जे आठवलं त्यातलं एकही फोटोत नव्हतं.

लग्न फेब्रुवारी 2006 चं. आठ दिवस आधी मुहूर्ताची हळद दळली. जात्याला हळदीकुंकू लावलं, खुंट्याला आंब्याचा डहाळा बांधला. पाच सवाष्णी बसल्या, आणि पहिली ओवी म्हणायची कुणी म्हणून सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण कुणालाच येत नव्हती. आजीला दिसत नव्हतं, ऐकूही कमी यायचं. ती कोपऱ्यातून आपणहून म्हणायला लागली. जात्याच्या घरघरीत शब्द कळत नव्हते, पण तिचा हात मात्र मांडीवर जातं ओढल्यासारखा फिरत होता.

लग्नाच्या दिवशी सिन्नरच्या मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्री नेसून मी गौरीहरापाशी बसले. कार्यालयातली छोटी खोली, समोर अन्नपूर्णा, हातात तांदूळ. "गौरी गौरी सौभाग्य दे, दारी येईल त्याला आयुष्य दे" असं पुटपुटत चिमूट चिमूट वाहायचे. भिंतीपलीकडे मुदपाकखाना होता. मठ्ठ्यात मीठ कमी आहे यावरून आचारी आणि त्याच्या हाताखालचा पोरगा यांचं चाललं होतं. मी आयुष्य मागत होते आणि कान मठ्ठ्याकडे! मग मामा आला, "चल गं बाई," म्हणाला. हात धरला तर त्याचाच हात गार पडलेला.

अंतरपाटाखालून मला फक्त नवऱ्याची पावलं दिसत होती. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं. नंतर कळलं, आदल्या दिवशी मांडवाच्या लोखंडी पायाला ठेचकाळले होते.

मंगलाष्टकं मात्र एकही आठवत नाही. मी मान न वळवता आईला शोधत होते. आमच्याकडे मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नसतात, त्यामुळे ती मांडवात नव्हतीच. माहीत असूनही मी शोधत होते. नंतर शालू नेसायला खोलीत गेले तेव्हा ती आली, माझे दोन्ही खांदे धरले, काहीच बोलली नाही. अष्टपुत्रीच्या उजव्या नव्हे, डाव्या खांद्यावर चार बोटांचा लालसर डाग राहिला. साडी माझ्याकडे सातपूरला होती म्हणून पुरातून वाचली. दोनदा ड्रायक्लीन केली, डाग गेला नाही.

तर मैत्रिणींनो (आणि मित्रांनो), तुमच्या लग्नातलं असं काय आहे, जे कुठल्याच फोटोत नाही आणि तरी डोळ्यांसमोरून हलत नाही? तयारीतलंही चालेल.

मुनिया
काय सुंदर लिहिलंय गं! आजीचा हात वाचून अंगावर काटा आला.

माझं माहेर येवल्याचं, घरात माग. पैठणी गिऱ्हाईकाची आधी, घरच्यांची नंतर, असा आमच्याकडचा नियम. त्यामुळे माझी पैठणी बाबांनी रात्री विणली. मोरपंखी अंग, पदरावर बांगडी मोर, काठाला मुनिया, म्हणजे छोटे पोपट. माझं इथलं नाव त्यावरूनच. अंग विणताना धोटा फिरतो, पण पदराला तसं चालत नाही. प्रत्येक रंगाच्या रेशमाची वेगळी छोटी कांडी, आणि ती हाताने ताण्यातून काढायची. एका मोरात दहा-बारा कांड्या लोंबत असतात. त्या भरून द्यायचं काम माझं. म्हणजे स्वतःच्या लग्नाच्या साडीच्या कांड्या मी स्वतः भरल्या.

त्यातल्या एका मुनियेला डोळा नाही. बाबा तिथपर्यंत आले होते, इतक्यात मुलाकडचे लोक बोलणी करायला आले. ते मागावरून उठले, आणि परत बसले तेव्हा पुढची ओळ धरली. विणून झालेलं उसवता आलं असतं, त्यांनी विचारलंही. मी नको म्हणाले. लग्नाच्या फोटोत पैठणी आहे, पण ती मुनिया निऱ्यांत गेलीय. ती कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे.

निऱ्या_नऊवार
मुनिया, त्या मुनियेचा फोटो टाक गं इथे!

लेक_निफाडची
आमचं लग्न ठरलं दिवाळीत आणि 8 नोव्हेंबर 2016 ला रात्री नोटाबंदी जाहीर झाली. तारीख होती डिसेंबरची. घरात कांद्याचे आलेले पैसे होते, सगळे पाचशे-हजाराच्या नोटांत.

नंतर सरकारने लग्नघराला अडीच लाख रुपये काढायची सवलत दिली. पत्रिका घेऊन बँकेत जायचं. दादा गेले (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) तर तिथे सांगितलं, ज्यांना ज्यांना रोख द्यायचेत त्यांची यादी आणा, त्यांचं बँकेत खातं नाही असं त्यांच्याकडून लिहून आणा. आमचा आचारी, बँजोवाला, फुलवाली, सगळ्यांकडून दादांनी कागद गोळा केले. पुन्हा रांगेत उभे राहिले. नंबर आला तेव्हा रोकड संपली होती.

त्यात द्राक्षाचे डिपिंगचे (घड औषधात बुडवायचे) दिवस. बाया मिळेनात. माझी आई हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत बागेत होती, घड बुडवायचा मग हातात घेऊन. मी पण जायचे. मेंदी काढली त्या दिवशी आईने मला बागेतून हाकललं.

लग्न झालं ते उधारीवर. किराणा दुकानदार, मांडववाला, आचारी सगळे म्हणाले, "द्राक्षं निघाल्यावर द्या." गावातल्या एकाने स्वतःहून ट्रॅक्टर सजवून मांडवडहाळ्याला आणला, भाडं विचारलं तर रागावला. फोटोत झगमगाट दिसतो, बघणाऱ्याला वाटेल केवढा खर्च केला! मला आठवते ती दादांच्या खिशातली छोटी लाल वही. पहिल्यांदा माहेरपणाला एप्रिलमध्ये गेले तेव्हा त्यांनी ती उघडून दाखवली. प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण होती.

चकोर
निफाडची ताई, डोळ्यांत पाणी आलं. दादांना नमस्कार सांगा.

सिन्नरचा_मामा
मी पुरुष, आणि धागा नवरीच्या आठवणींचा. तरी लिहितो, कारण गोदाकाठच्या ताईंनी मामाच्या गार हाताचा उल्लेख केलाय. (मी तो मामा नव्हे, गाव तेवढं एक!)

तीन भाच्यांना मी गौरीहरापासून बोहल्यापर्यंत नेलंय. ते अंतर पंधरा पावलांचं. पण त्या खोलीत शिरताना जी मुलगी दिसते ती आपण खांद्यावर बसवून रामकुंडावर नेलेली असते, कुल्फी मागून रडलेली असते. ती पिवळी साडी नेसून मान खाली घालून बसलेली पाहिली की पोटात खड्डा पडतो. मोठ्या भाचीने मला हळूच विचारलं होतं, "मामा, बाहेर खूप लोक आहेत का?" मी म्हटलं, "आहेत, पण तू माझ्याकडे बघून चाल." ती खरंच माझ्याकडे बघून चालली. बोहल्यावर पोचल्यावर हात सोडायला मलाच वेळ लागला. फोटोग्राफर तेव्हा नवरदेवाचे फोटो काढत होता.

आर्या_कॉलेजरोड
सगळे अनुभव वाचतेय, छान आहेत. पण एक गोष्ट खटकली म्हणून स्पष्ट लिहिते. आईने मंगलाष्टकं ऐकायची नाहीत ही कुठली रीत? जिने नऊ महिने वाढवलं, वर्षभर लग्नासाठी राबली, तिलाच त्या क्षणी बाहेर काढायचं? आणि आपण हे इतकं सहज "आमच्याकडे नसतं" म्हणून सोडून देतो. गोदाकाठचीताई, तुम्ही मान न वळवता आईला शोधत होतात हे वाचून मला फार वाईट वाटलं. हा तुमच्यावरचा आणि तिच्यावरचा अन्याय होता.

शुभदामावशी
आर्या, तुझा राग मला पटतो, पण दुसरी बाजूही सांगते. माझ्या लग्नात, 1984 साली, माझी आई कार्यालयाच्या मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत बसली होती. आमच्याकडे तसंच करतात. मी तिला नंतर विचारलं, तुला वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, "अगं, तेवढीच दहा मिनिटं मला कुणी काही विचारलं नाही." चार दिवस तिच्या मागे सारखी हाक होती, नारळ कुठे, ओटीचे खण कुठे, विहिणीचा मान राहिला. तिला ती दहा मिनिटं हवी होती.

माया आड येते, आई रडली तर मुलगीही रडते, अशी कारणं सांगतात. कुणी म्हणतं दृष्ट लागते. मला एकही पूर्ण पटलं नाही. म्हणून माझ्या मुलीच्या वेळी, गंगापूर रोडच्या लॉन्सवर, मी समोर उभी राहिले. मुलीनेच हट्ट धरला होता. आणि काय सांगू, दुसऱ्याच मंगलाष्टकाला मला हुंदका फुटला, तो माईकमध्ये गेला, लेक रडली, जावई गोंधळला, गुरुजी थांबले. मग जावईच म्हणाले, "आई, तुम्ही इकडे शेजारी या." अंतरपाट धरणाऱ्यांच्या बाजूला मला उभं केलं आणि पुढची मंगलाष्टकं झाली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण माझ्या आईच्या तुळशीपाशी बसण्याबद्दलही मी आता वाईट बोलणार नाही.

आर्या_कॉलेजरोड
मावशी, ज्या बाईला ती दहा मिनिटं हवीत तिने घ्यावीत. पण निवड तिची हवी. माझा मुद्दा एवढाच.

शुभदामावशी
हे मात्र शंभर टक्के मान्य.

त्रिरश्मी
आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही, म्हणून लिहावंसं वाटलं. माझं लग्न बौद्ध पद्धतीने झालं. मुहूर्त नाही, अंतरपाट नाही, अक्षता नाहीत. समोर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, त्रिसरण-पंचशील, मग वधूवरांच्या प्रतिज्ञा, जयमंगल अट्ठगाथा, आणि फुलांच्या पाकळ्या. दोघांच्या पांढऱ्या कपड्यांवर गुलाबी पाकळ्या फार सुरेख दिसतात. माझी आई माझ्या उजव्या हाताला उभी होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

माझ्या आजीचे वडील 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते, असं आमच्या घरात सांगत आलेत. लग्नाच्या सकाळी आजी म्हणाली, आधी पांडवलेण्याच्या पायथ्याच्या विहारात जाऊन येऊ. मी मेंदीचे हात, केसांत रोलर अशी! पार्लरवाली घड्याळाकडे बघतेय. आजी ऐकेना. भावाच्या स्कूटरवर मी आणि आजी, तिघं गेलो. विहारात कुणीच नव्हतं. आजीने वंदना घेतली आणि मग तिच्या वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं, त्यांना सांगावं तसं म्हणाली, "तुमच्या पणतीचं लग्न आहे आज." एवढंच. परत येताना रस्ताभर माझ्या केसांतले रोलर पडत होते आणि ती मागे बसून गोळा करत होती. याचा एकही फोटो नाही.

निऱ्या_नऊवार
"तुमच्या पणतीचं लग्न आहे आज." आता मला काम सुचायचं नाही.

पंचवटीकर
थोडं अवांतर. माझ्या बायकोच्या वतीने लिहितोय, ती शेजारी बसून सांगतेय. आमचं लग्न मे 2015 चं. खरं तर डिसेंबर ठरला होता. पण गुरुजींनी सांगितलं, जुलैत गुरू सिंह राशीत जातो, सिंहस्थ लागतो, मग गोदावरीच्या उत्तर तीरावर मंगलकार्यं करत नाहीत. आमचं घर पंचवटीत, म्हणजे उत्तर तीर. तिचं माहेर जुन्या नाशकात, म्हणजे दक्षिण. तिच्या काकांनी हिशेब काढला की लग्न मुलीकडे आहे, मुलगी दक्षिण तीरावरची, मग अडचण कसली? आमच्या आजोबांचं म्हणणं, पण नवरी राहायला तर उत्तरेलाच येणार ना! दोन तास चर्चा चालली. शेवटी तिच्या आजीने निकाल दिला, "एवढी भांडाभांडी करण्यापेक्षा मेमध्येच उरका."

त्यामुळे सगळी तयारी सहा आठवड्यांत. ती म्हणते, मला आठवतो तो रविवार कारंजा ते मेन रोड असा रोजचा उन्हातला फेरा. भर वैशाखात आईबरोबर आहेराच्या साड्या घेत फिरायची, आणि आई दर तिसऱ्या दुकानात पाणी मागून तिच्या डोक्यावर ओला हात फिरवायची.

चकोर
आता 2027 च्या सिंहस्थात ज्यांची लग्नं ठरतायत त्यांच्याकडेही हीच चर्चा चालू असेल :)

सिन्नरचा_मामा
आमच्या चुलत्यांकडे चालू आहेच. आमच्याकडे आजीसारखं निकाल देणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे लांबलीय.

गच्चीवरची
माझं एप्रिल 2021 च्या शेवटी. पंचवीस माणसं आणि दोन तास, एवढीच परवानगी. पाचशे पत्रिका छापून घरात पडलेल्या. कार्यालय रद्द झालं, इंदिरानगरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर लग्न केलं. पंचवीस जणांत कुणाला घ्यायचं याची यादी बाबांनी सात वेळा लिहिली. शेवटी चुलतभावांनी सांगितलं, आम्ही खाली पार्किंगमध्ये थांबतो.

मंगलाष्टकं सुरू झाली तशा खालून टाळ्या ऐकू आल्या. मास्क लावून, लांब लांब उभे राहून ते पार्किंगमध्ये टाळ्या वाजवत होते. समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बाल्कनीत आल्या आणि त्यांनी तिथूनच तांदूळ उधळले. ते आमच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं, मधल्या रस्त्यावर पडले. त्या बायकांची नावंही मला माहीत नव्हती. आजी नाशिकरोडला होती, ती फोनवर बघत होती, पण आवाज मागे-पुढे येत होता. आमचं "सावधान" होऊन गेल्यावर फोनमधून तिच्याकडचं "सावधान" ऐकू आलं. मला वाटतं माझं लग्न दोनदा लागलं, एकदा गच्चीवर आणि एकदा आजीकडे.

आजी त्यानंतर दीड महिन्याने गेली.

गोदाकाठची
गच्चीवरची, तुला जवळ घ्यावंसं वाटतंय.

साधीसुधी
आम्ही रजिस्टर केलं. महिनाभराची नोटीस, तीन साक्षीदार, सही. माझी आठवण: सही करताना माझा हात थरथरला आणि आडनाव खालच्या ओळीवर गेलं. साक्षीदार म्हणून आलेली माझी मैत्रीण म्हणाली, "छान आलीय सही, पाळण्यासारखी." बाहेर येऊन तिने स्वतःच्या डब्यातला शिरा आम्हाला भरवला. तेच आमचं पंगतीचं जेवण. ते मला अजून कुठल्याही पक्वान्नापेक्षा गोड लागतं.

माहेरवाशीण_दिंडोरी
कुणी वणीच्या गडाबद्दल नाही लिहिलं? आमच्याकडे लग्न झालं की जोडीने सप्तशृंगीला गेल्याशिवाय संसाराला सुरुवात नाही. आता ट्रॉली झालीय, आमच्या वेळी पायऱ्याच. लग्नाचा शीण, हातात हिरवा चुडा, ओटीचं ताट, अंगावर कोरी साडी, आणि पाचशेच्या आसपास पायऱ्या. सासूबाई पुढे होत्या. मध्येच त्या थांबल्या, मला वाटलं दम लागला. तर त्या म्हणाल्या, "तुला चुडा जड होत असेल, ताट माझ्याकडे दे." त्याआधी त्या माझ्याशी फारसं बोलल्या नव्हत्या. वर देवीची अठरा हातांची मूर्ती, तिला अकरा वार साडी लागते. सासूबाई म्हणाल्या, "बघ, बाईला एवढे हात हवेत संसाराला." आणि उतरतानाही ताट त्यांनीच घेतलं.

फोटोवाला_मित्र
धंद्याने फोटोग्राफर आहे म्हणून गोदाकाठच्या ताईंसाठी आणि इतरांसाठीही उपयोगाचं सांगतो. पुरात भिजलेले कागदी फोटो चिकटलेले असतील तर उन्हात वाळवू नका. वाळले की वरचा थर समोरच्या फोटोला घट्ट धरतो आणि ओढलं की सोलून येतो, तुमच्याकडे तेच झालं. ओले असतानाच स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवायचे, आपोआप सुटू द्यायचे, मग चित्राची बाजू वर करून सावलीत एकेक पसरायचे. चित्रावर बोट लावायचं नाही. लगेच वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवता येतात.

आणि एक: त्या काळात आम्ही वरपक्षालाही एक सेट देत असू. सासरच्या नातेवाइकांत, मामा-मावशांकडे विचारा. कुणाच्या तरी कपाटात चार-सहा फोटो निघतात.

मुनिया
गोदाकाठची, त्या डागाबद्दल विचारायचं होतं. लालसर म्हणजे कुंकू का? हळदीचा डाग उन्हाने फिका होतो, कुंकवाचा रंग मात्र धाग्यात बसतो. साडी सुती असेल तर मऊ मलमलमध्ये गुंडाळून ठेव, दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदल, नाहीतर घडीवर चिरते. पण आईचा हात कुंकवाने भरलेला कसा काय? ओटी तर नंतर भरतात ना?

शुभदामावशी
मलाही तेच वाटलं. पाठवणीच्या आधी ओटी भरतात, शालूवर. अष्टपुत्रीवर कुंकू लागायचं कारण नाही.

आर्या_कॉलेजरोड
ताई, आई आहेत ना? विचारा की.

गोदाकाठची
तीन दिवसांनी येतेय. आधी फोटोवाला_मित्र यांचे आभार. नणंदेकडे खरंच पाच फोटो निघाले. एकात अंतरपाट आहे, यांचे पाय आहेत, पण बूट काढायच्या आधीचा असावा, अंगठा दिसत नाही. लेक म्हणाली, "म्हणजे नखाचं तूच सांगितलंस म्हणून कळलं."

आणि काल आईकडे गेले. ती आता भावाकडे पाथर्डी फाट्याला असते. साडी बरोबर नेली. वीस वर्षांत मी तिला कधी विचारलंच नव्हतं की मंगलाष्टकांच्या वेळी तू कुठे होतीस. मी धरून चालले होते की असेल तुळशीपाशी.

ती कोठीच्या खोलीत होती. कार्यालयात तुळसच नव्हती म्हणे. कमरेला किल्ल्या, समोर साखरेचं पोतं आणि पेढ्यांचे पुडे. सगळ्यांना अक्षता वाटल्या तेव्हा वाटणाऱ्या पोराने सवयीने तिच्याही हातावर ठेवल्या. तिने त्या मुठीत धरून ठेवल्या. माईक कोठीच्या खिडकीवरच लावलेला होता, त्यामुळे तिला एकूण एक मंगलाष्टक ऐकू आलं, मांडवातल्या माणसांपेक्षा स्पष्ट. कोणतं कुणी म्हटलं तेही तिला आठवतं. तिसरं माझ्या आतेने म्हटलं आणि ती एका कडव्यात चुकली. मला काही म्हणजे काही आठवत नाही, आणि तिला चाल सुद्धा पाठ आहे. तिने कालच म्हणून दाखवली.

उन्हं वाढलेली, कोठीत पंखा नाही. मुठीतल्या अक्षतांचं कुंकू घामाने ओलं झालं. मी विचारलं, "मग टाकल्या का नाहीस?" ती म्हणाली, "कुणावर टाकू? तू तिकडे होतीस." शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री वाजली, आणि ती तशीच मूठ मिटून माझ्या खोलीकडे आली. खांदे धरले तेव्हा उजवी मूठ उघडली. अक्षता खाली पडल्या असतील, मला कळल्याही नाहीत. बोटं उमटली.

चौथं मंगलाष्टक चालू असताना आचारी साखर मागायला आला होता. ती तिने डाव्या हाताने काढून दिली.

मुनिया
साडी आता ड्रायक्लीनला नको देऊस.

गोदाकाठची
नाही देणार. मलमल आणलीय.

आर्या_कॉलेजरोड
माझ्या आईला आत्ता फोन लावला. ती म्हणाली, "जिन्यात होते. का गं?"